तांबेघाट रद्द

निमगडे बाबूंशी माझी पहिली गाठ पडली ती भांडणातच. आलापल्लीच्या लाकूड डेपोत लिलावाच्या आदल्या दिवशी मी माल बघत हिंडत होतो. सागाचा एक जाड लठ्ठा मनात भरला, पण बुडाशी पोकळ होता. दर्जा खाली आला की बोली खाली येते, म्हणून मी तिथल्या लिपिकाला बाजूला घेऊन म्हणालो, "बाबू, पोकळ माल हाय. खालच्या दर्जात टाका. तुमचंही भलं, माहंही भलं."

बाबूंनी लठ्ठ्यावर बोटाच्या पेरांनी तीन ठिकाणी ठोकलं, कान लावला.

"दीड हात पोकळ. पुढं निरोगी. तसं लिवलं हाय, छाप पडली हाय."

"छाप काय देवानं मारली?"

"नाई. मी मारली."

आणि ते पुढच्या लठ्ठ्याकडे गेले. मी जिवतीच्या डोंगरावरून रिकाम्या हातांनी उतरलेला माणूस. मोळ्या विकल्या, मग फाटे विकले, मग लाकूड चिरायची आरा मशीन टाकली. ज्याच्याशी घासाघीस होत नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पाहिला, आणि त्याच दिवसापासून तो मला सलायला लागला.

बाबूंच्या खिशाला दोन पेनं असत, एक निळं आणि एक लाल. लाल पेन फक्त खोडण्यासाठी. खोडतानाही हाताने नाही, पट्टी लावून. वर 'रद्द' लिहायचं, खाली तारीख आणि सही. डेपोतल्या चहाची साखर सरकारी म्हणून ते काड्यापेटीत घरची साखर घेऊन येत. लिलावाला जाता-येता ओळख वाढली आणि एकदा घरी गेलो, तर तिथल्या चारही खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने नंबर घातलेले. मी तीन नंबरवर बसलो तेव्हा म्हणाले, "तुही खुर्ची दोन नंबर, गजू." मी हसलो. ते हसले नाहीत. मी उठून दोन नंबरवर बसलो.

मला घरी बोलावलं होतं ते खेळायला. त्या खेळाची गोष्ट अशी. नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात बाबूंना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. आत नकाशे होते, नद्या, सीमा, वनांची नावं, वनात राहणाऱ्या लोकांची वर्णनं. वनव्यवस्थापनाचं पुस्तक समजून त्यांनी ते घेतलं. शब्दकोश घेऊन रोज एक पान मराठीत उतरवत राहिले. असं वर्षभर चाललं. पुढे एका पानावर वाक्य आलं, 'आता फासा टाका.' दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावला असता. बाबू म्हणाले, "सूचना हाय तं पाळा लागन."

त्या खेळात पट नाही, हारजीत नाही. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात. तो म्हणतो, समोर दरी आहे, काय करता? आपण करायचं ते बोलून सांगायचं, आणि जमलं की नाही ते आकड्यावर ठरतं. जग मात्र आधीच छापलेलं असतं. नदी कुठून वाहते, राजा कोण, कोणाचं कोणाशी वैर. बाबूंनी त्या जगाला नाव दिलं 'सात वनांचा मुलुख'. दर रविवारी दुपारी दोन ते पाच आम्ही त्या मुलुखात असायचो.

आम्ही म्हणजे तिघं. मी, डेपोच्या ट्रकवरचा ड्रायव्हर सुधाकर आणि आरोग्य केंद्रातली नर्स सुनीता मडावी. पुस्तकात मागितलेला वीस बाजूंचा फासा आलापल्लीत कुठून आणणार? मी सागाच्या वीस चकत्या कापून दिल्या. बाबूंनी त्यांवर ठोकून आकडे उमटवले आणि त्या एका पिशवीत घातल्या. हात घालायचा, एक चकती काढायची. माझ्या चकत्या, माझा साग. वीस नंबरच्या चकतीची कड आकडे उमटल्यावर मी गुपचूप कानसेने इतकीशी घासून ठेवली होती, बोटाला कळेल इतकीच.

चार रविवार मी वाघ मारले, किल्ले घेतले. पाचव्या रविवारी बाबूंनी माझी चकती हातात घेतली, तळव्यावर दोनदा झेलली आणि दुसऱ्या हातात दुसरी घेऊन पाहिली.

"घासली," म्हणाले.

"लाकूड हाय बाबू, वाळते."

"साग असा एका अंगानं वाळत नाई."

निळं पेन निघालं. त्या मुलुखात चोराचा उजवा हात तोडतात, तसं पुस्तकात छापलं होतं. माझ्या सरदाराचा हात तोडला. वहीत नोंद झाली आणि नोंदीशेजारी त्यांनी सागाच्या काडीचं टोक गेरूत बुडवून छाप मारली. ती छाप पडली की घडलेली गोष्ट घडलेली. पुढची नऊ वर्षं मी एका हाताने खेळलो. दरवर्षी मी म्हणायचो, "बाबू, बोटं तरी फुटू द्या." सुनीता म्हणायची, "शेठ, लाकडाचा हात बसवून घ्या ना, तुमच्या मशीनवर. तोबी घासून घ्या."

सुनीतालाही त्या पुस्तकाने सोडलं नव्हतं. मुलुखात रानटे नावाचे वनातले लोक होते आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, 'रानटे जन्मतः कपटी असतात.' सुनीता गोंडाची, तिने हट्टाने रानटी बाई घेतली. बाबूंनी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "लिवणारा आमच्या गावात मुक्कामाले होता वाटते." मग थोड्या वेळाने, "बाबू, हे खोडा ना. तुमी तरी खोडा."

"छापलं हाय."

कोणी तिच्यावर विश्वास ठेवावा असा प्रसंग आला की तिच्या आकड्यातून दोन वजा व्हायचे. जन्माचे दोन. वजाबाकी करताना बाबू तिच्याकडे पाहत नसत. पण एकदाही विसरले नाहीत.

आणि सुधाकर. तो ढिवराचा, मार्कंड्याजवळच्या एका गावचा. बापाची नाव होती, ती गेली, हा ट्रकवर आला. मुलुखात तांबेघाट नावाचं नदीकाठचं नगर होतं आणि तिथे घाटकरी लोक राहत. प्रवाशाचं नाव विचारल्याशिवाय ते कोणाला नावेत घेत नसत. सुधाकर म्हणाला, "हे तं आमचेच लोकं होय!" तो घाटकरी झाला. बाबू नावेचं वर्णन वाचायचे आणि तो मध्येच हात उगारायचा.

"वल्हं असं नाई धरत, बाबू."

"पुस्तकात असंच हाय."

"मंग पुस्तक बुडन."

बाबूंच्या तोंडावर हसू पाहिलं असेल तर तेवढ्याच वेळा.

एका पावसाळ्यात सुधाकरला ताप आला. हिवताप डोक्यात गेला. सुनीता आरोग्य केंद्रात त्याच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. मागे म्हातारी आई, जिला तो गावाहून आपल्याजवळ घेऊन आला होता.

पुढच्या रविवारी आम्ही जमलो ते सवयीने. बाबूंनी वही उघडली. पुस्तकात नसलेली एक ओळ त्यांनी लिहिली, माझ्या माहितीत पहिल्यांदाच: 'सुधाकर, घाटकरी, मुक्काम तांबेघाट. कायम.' शेजारी छाप मारली. पुस्तकात नगर आहे, नगरात घाटकरी आहेत, त्यांतल्या एकाचं नाव सुधाकर असायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही मुलुखात कुठेही निघालो तरी तांबेघाटावरून जायचो. आणि पाचच्या सुमारास सुधाकरची आई यायची. पदराखाली मुरमुऱ्याचा चिवडा. उंबऱ्याशी बसायची, खुर्चीवर कधी नाही.

"आज कोणाले उतरवलं माह्या पोरानं?"

बाबू वही उघडून सांगायचे. "आज एका आंधळ्या सोनाराले उतरवलं, बाई. भाडं नाई घेतलं."

"येडाच हाय. भाडं घेत जा म्हना त्याले."

"सांगतो."

"जेवला का?"

बाबू वही पाहायचे. जेवणाची नोंद नसायची. "नोंद नाई, बाई." म्हातारी पुढच्या रविवारी पुन्हा विचारायची. शेवटी बाबू घाटावरच्या जेवणाचीही नोंद ठेवायला लागले. असं चार वर्षं चाललं. मी मनात म्हणायचो, या माणसाला मऊ जागा आहे, दीड हात आत, पण आहे.

मग ते पुस्तक छापणाऱ्या परदेशातल्या कंपनीने नवी आवृत्ती काढली.

बाबूंनी ती मागवली. पार्सल पट्टीने फोडलं. तीन महिने वाचली. एका रविवारी आम्ही बसलो तर टेबलावर जुनी वही, नवं पुस्तक आणि लाल पेन.

"सुधारित आदेश आला हाय," बाबू म्हणाले. "दोन बाबी महत्त्वाच्या. एक. रानटे जन्मतः कपटी असतात, हे वाक्य वगळलं. कोणीही जन्मानं कपटी नसतो, असं लिवलं हाय."

सुनीता उठली. खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "नऊ वरसं दोन कमी करून खेळली मी. वापस भेटन का ते दोन?"

"पूर्वलक्षी प्रभावानं नाई. आजपासून."

"आजपासून तं आजपासून." ती हसत वळली. डोळे पुसत होती.

"दोन," बाबू म्हणाले. "तांबेघाट हे नगर आणि घाटकरी लोक मूळ मुलुखात कधी नव्हते. भाटांनी रचलेली ती दंतकथा होती. नदीवर त्या जागी फक्त वाळू हाय."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं.

माझा धंदा सौद्याचा. मी लगेच बसलो सौद्याला. म्हणालो, "बाबू, रानट्यांचं घ्या, घाटाचं सोडा. आपल्या चौघायचा खेळ हाय. कंपनी पाहाले येते का आलापल्लीले?"

"आदेश पूर्ण घ्या लागते. आवडला तेवढा घेतला न् बाकीचा फाडला, असं नाई."

"बरं, बुडवा. पूर आला, घाट बुडाला, असं लिवा. बुडालेल्या गावाचं नाव तरी राहते."

"बुडाला नाई लिवलं. नव्हता लिवलं हाय."

"मंग सुधाकर कुठी गेला?"

"तो तिथी नव्हताच."

मी टेबलावर हात आपटला. चकत्या जमिनीवर सांडल्या. मी त्यांच्या खुर्चीचा नंबर, त्यांची पट्टी, त्यांची काड्यापेटी, सगळ्यांचा उद्धार केला. बाबू वाकून चकत्या गोळा करत राहिले. वीस झाल्यावर बसले आणि मग बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"माहा बाप छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला. आल्याबरोबर घरातले सारे देव टोपल्यात भरले न् नदीत नेऊन टाकले. माही आजी पाया पडली त्याच्या. म्हणे, एक राहू दे, लहानसा हाय, कोणाले दिसन? बाप म्हणे, एक ठेवला तं सारे ठेवले. नाई ठेवला. आजी मरेपर्यंत त्या कोनाड्याकडं पाहून बसायची. मी पाह्यलं हाय. बाप बरोबर होता. त्यानं घासाघीस केली असती तं मी आज लोकायच्या वावरात असतो."

बाप बरोबर होता, हे मला आजही मान्य आहे. पण राग काही मान्य केल्याने थांबत नाही.

सुनीता हळूच म्हणाली, "मले पाह्यजे होतं ते भेटलं, बाबू. पन असं नाई पाह्यजे होतं."

इथवर झालं असतं तरी मी एक वेळ गिळलं असतं. पण बाबू नियमाचे पक्के. छाप पडलेली नोंद रद्द करायची तर ज्याची नोंद त्याची सही लागते. घाटावरून जाण्याच्या नोंदी आमच्याही होत्या. माझी सही घेतली, मी कागद फाटेल इतकी दाबून केली. सुनीताची घेतली. सुधाकरची कशी घेणार? मयताच्या जागी वारस.

पुढच्या रविवारी पाच वाजता म्हातारी आली. चिवडा ठेवला, उंबऱ्याशी बसली.

"आज कोणाले उतरवलं माह्या पोरानं?"

बाबू उठले. खाली तिच्यासमोर बसले. मांडीवर वही, हातात शाईचं पॅड. माझ्या समजुतीने त्या माणसाने आयुष्यात कोणाला याहून जास्त मान दिला नसेल. त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. नवं पुस्तक आलं. त्यात घाट नाही. नुसता यापुढे नाही असं नाही, मागेही नव्हता. म्हणून सुधाकरची नोंद काढावी लागते. वारस म्हणून तुमची संमती पाहिजे.

"म्हंजे तो तिथी नाई?"

"नाई, बाई."

"न् एवढे दिस?"

"तेव्हाही नव्हता."

म्हातारीने आमच्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सुनीता म्हणाली, "मावशी, नका देऊ अंगठा." पण म्हातारीचं सारं आयुष्य बाबू लोक म्हणतील तिथे अंगठा उठवण्यात गेलेलं. तिने हात पुढे केला. बाबूंनी तिचा अंगठा हलक्या हाताने पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला, आपल्या स्वच्छ रुमालाने पुसला. मग पट्टी लावून लाल रेघ मारली.

"जेवला तं नसन मंग कधीच," म्हातारी म्हणाली आणि उठली. चिवड्याचं पुडकं परत घेऊन गेली.

त्या महिन्यात ती गावी निघून गेली. सुनीताने खेळायला येणं बंद केलं. मीही. बाबू दर रविवारी दोन ते पाच टेबलाशी एकटे बसतात असं ऐकायला यायचं. मी तिकडून जात नसे. कोणी विचारलं तर म्हणायचो, बसू द्या, चार खुर्च्या आहेत, आळीपाळीने बसतील.

दोन वर्षं गेली. बाबू सेवानिवृत्त झाले. एका सकाळी ते माझ्या आरा मशीनवर आले. बुशकोट तोच, खिशाला दोन पेनं. हातात एक छापील कागद. तो मी आधी पाहिला, माणूस मग.

"गजू, घाट वापस आला."

जगभरच्या खेळणाऱ्यांनी म्हणे ओरड केली होती. आमच्या आठवणी खोट्या ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारलं होतं. कंपनी नमली. आग्रहास्तव तांबेघाट पूर्ववत, घाटकरी पूर्ववत, रानट्यांबद्दलची दुरुस्ती कायम. म्हणजे मी त्या दिवशी टेबलावर मांडला होता, बरोबर तोच सौदा. फक्त तो इतरांनी ओरडून मिळवला होता आणि आम्ही सह्या करून घालवला होता.

मी म्हणालो, "मंग लिवा ना. पेन हाय खिशात."

"रद्द नोंद वापस घ्याची तं वारसाचा अंगठा लागते. तुही गाडी हाय. मार्कंड्याकडं जा लागन."

मी गाडी काढली. दया आली म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला तो प्रसंग बघायचा होता.

वाटेत ते दोनदा बोलले. एकदा विचारलं, "पॅड वाळलं तं नसन ना?" आणि दुसऱ्यांदा, चामोर्शीच्या अलीकडे, "आदेशच चुकीचा होता, गजू. माही अंमलबजावणी बरोबर होती." मी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

म्हातारी वैनगंगेच्या काठावर, झोपडीसमोर मासे साफ करत बसली होती. आम्हाला ओळखलं. बसा म्हणाली नाही. बाबू तिच्यासमोर वाळूत बसले, कागद उघडला आणि मोठ्याने वाचला. घाट आहे. होता. मधली दोन वर्षं चूक होती. आता एक अंगठा दिला की सुधाकर आपल्या जागेवर.

म्हातारी माशाचं पोट चिरत राहिली.

"मी अंगठा देल्ला ना, बाबू."

"तो रद्द करण्याचा. हा वापस घेण्याचा."

"तुमीच म्हने ना, छाप पडली की पडली? माहं पोरगं एकडाव तापानं नेलं. दुसऱ्यांदा मी माह्या अंगठ्यानं मारलं. आता तिसऱ्यांदा तुमी अनखी कोनतं पुस्तक आनान?"

बाबूंनी पॅडचं झाकण उघडलं. उन्हात शाई चमकली. आणि मग ज्यांनी जन्मात कोणाशी घासाघीस केली नाही, ते निमगडे बाबू माझ्यादेखत सौद्याला बसले.

"रोज नाई, बाई. रविवारचाच."

म्हातारीने माशाचं आतडं काढून वाळूत टाकलं.

"अर्धा दिवस. दोन ते पाच."

तिने दुसरा मासा उचलला.

"नाव नाई लिवत. एक घाटकरी, एवढंच लिवतो."

किती वाईट सौदा होता तो. आपला भाव सांगितला की तोंड बंद ठेवायचं, हे लाकडाच्या मोळ्या विकणाऱ्यालाही कळतं. हा माणूस समोरून उत्तर यायच्या आत स्वतःच उतरत होता. तो सौदा मी पाच मिनिटांत पटवला असता. अंगठा मागायचाच नव्हता. पॅड खिशात ठेवायचं, चिवड्याला हात पसरावा तसा रिकामा हात पसरायचा आणि म्हणायचं, बाई, एवढ्या दिवसांत तुमच्या पोरानं कोणाकोणाला उतरवलं, ते आता तुम्ही मला सांगा. म्हातारी बोलली असती. मला पक्कं माहीत आहे, बोलली असती.

मी गाडीला टेकून उभा होतो, दहा पावलांवर. मुलुखातला माझा हात त्यांनी नऊ वर्षं फुटू दिला नव्हता. मी काही बोललो नाही.

म्हातारी आत गेली. तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "पानी प्या न् निंगा," म्हणाली आणि पुन्हा मासे घेऊन बसली.

बाबू पाणी प्यायले. मग वाळूत बसूनच त्यांनी वही उघडली, पट्टी काढली आणि लाल रेघेच्या खाली निळ्या पेनाने काहीतरी लिहायला घेतलं. लिहिलं नाही. मी हॉर्न वाजवला तरी ते उठले नाहीत. मांडीवर वही तशीच, पेन टेकलेलं, शेजारी पॅड उघडं, आणि त्यावर नदीकडची वाळू वाऱ्याने येऊन बसत होती.

"मी बसनं येतो," म्हणाले, मागे न पाहता. मी गाडी वळवली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यात ते गेले असं डेपोतून कळलं. वही कोणाकडे आहे, मी विचारलेलं नाही.